मंगलच्या घरामागचा कातळ

मित्रांनो, मी एक जुना कातळ आहे, आणि आता अर्धाच उरलो आहे. माझा दुसरा अर्धा खाली वाडीत पडला आहे. तो कसा पडला ते मला सांगायचं आहे. माझा स्वभाव मुळात कुरकुऱ्या, त्यातून आता कंबरच मोडलेली, तेव्हा मध्येच चिडलो तर मनावर घेऊ नका.

वेल्ह्याच्या डोंगरात, भोरच्या अंगाला, कड्याची वाडी नावाची छोटी वस्ती आहे. मी तिच्या डोक्यावर उभा असायचो. माझ्या पायाशी पाणजाई देवीचं ठाणं, आणि ठाण्याला लागून वाडीतलं सगळ्यात वरचं घर. त्या घरात आनंदराव राहायचे. वाडीचे ते म्हातारे पुजारी. त्यांचा मुलगा फार पूर्वी वारला. घर चालवायची ती त्यांची सून, मंगल. तिचा मुलगा गोरख कापूरहोळला टेम्पो चालवायचा आणि सुट्टीला घरी यायचा. माझी गोष्ट या मंगलची आहे. माझ्यासारख्या दगडाला कोण विचारतो?

तरी जन्माचं सांगतो, कारण सगळं दुखणं तिथूनच आहे. जमिनीला भेगा पडल्या, आतला तापलेला रस वर आला आणि पसरला. तोच मी. रस थंड होताना आकसतो आणि आकसताना तडकतो. भाताचं खाचर उन्हात कसं तडकतं, तसंच. म्हणून माझ्या अंगात जन्मापासून उभे सांधे आहेत. लोक म्हणतात, कातळासारखा घट्ट! अहो, घट्ट कसला? माझा एकेक दगड घट्ट आहे, त्यावर घण घातलात तर घण परत येईल. पण डोंगर नुसत्या दगडांचा नसतो. दगडांमध्ये सांधे असतात, आणि डोंगर उभा राहतो की पडतो, ते सांधे ठरवतात. माझे सांधे वाडीकडे कललेले होते. जन्माला येताना कुणी आपली पसंती विचारत नाही.

त्यात आणखी एक खोट होती. माझ्याखाली तांबड्या मातीचा एक थर आहे. वाडीत तिला गेरू म्हणतात, बायका त्यानं चूल आणि उंबरा रंगवतात. हा गेरू कोरडा असला की विटेसारखा टणक असतो. भिजला की साबण. अशा साबणावर मी बसलो होतो, आणि तोही उताराचा.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं पडला कसा नाहीस? पाण्याला वाट होती म्हणून. पावसाचं पाणी वरून माझ्या सांध्यांत शिरायचं, आतून उतरायचं आणि पायाशी एका फटीतून बाहेर पडायचं. आत साठायचं नाही. त्या फटीच्या बरोबर खाली पाणजाईचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला बिनघडीचा दगड, होता. बारा महिने तिच्या डोक्यावर पाणी ठिबकायचं. नाव पाणजाई उगीच नव्हतं पडलं. ज्या कुणी पहिल्यांदा तिला तिथं बसवलं त्यांना काय समजलं होतं, मला ठाऊक नाही. पण ती फट कुणी बुजवू नये अशीच ती जागा होती.

ते दिवस सुखाचे होते. उन्हाळ्यात माझ्या सपाटीवर बायका कुरडया वाळत घालायच्या आणि कावळे हाकायला मंगलला बसवायच्या, कारण तिचा आवाज खणखणीत. कावळे काय, पलीकडच्या डोंगरावरची गुरंसुद्धा दचकायची. ती हसायची पण फार. वाडीत कुणा बाईच्या अंगात आलं, की बाकीच्या हात जोडायच्या आणि मंगल पदर तोंडाला लावून पाठमोरी व्हायची. "मंगले, पाप लागंल," असं आनंदराव दटावायचे. "मामंजी, ती हिसाबानं घुमती ओ, पुढ्यात निखारा आला की बरोबर वळसा घालती," असं ती हळूच म्हणायची. मग म्हातारबाही मिशीत हसायचे. सासरा-सुनेचं असं गोड नातं फार घरांत बघायला मिळत नाही.

मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली वाडीतली पोरं एकत्र बसली आणि म्हणाली, आपली देवी बारमाही भिजते, शेवाळ चढतं, बरं दिसत नाही. तिला पक्कं देऊळ बांधू. मनात वाईट काहीच नव्हतं, उलट माया होती. वाडीतलाच हनुमंत मिस्त्री कामाला लागला. त्यानं माझ्या फटीत सिमेंट ठासलं, मागं काँक्रीटची भिंत घातली, वर पांढऱ्या फरश्या बसवल्या. "एक थेंब गळला तर नाव सांगणार न्हाई," असं तो मिशीला पीळ देत म्हणाला. थेंब खरंच गळला नाही. देवी कोरडी झाली. वाजतगाजत प्रतिष्ठापना झाली, वाडीनं पुरणपोळी खाल्ली, आणि माझ्या पोटात पाणी साठायला लागलं.

तेवढ्यावर भागतं तर नशीब. वर डोंगरावर कुणी प्लॉट पाडले. त्यांच्या गाड्या चढाव्यात म्हणून पोकलेन आणून माझ्या पायाचा मुरूम कापून रस्ता केला. भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याच्या खालचा पाट ओढून घ्यावा, तसं झालं ते. मी कुणाला सांगणार? मला तोंड नाही.

सांगणारी एकच आली. राजनंदिनी तिचं नाव. वरवे बुद्रुकची पोर, पुण्यात दगडमातीचं शास्त्र शिकलेली. डोंगरांची पाहणी करायला आली आणि हातोडीनं माझ्यावर टकटक करत हिंडली. होकायंत्र लावून माझे सांधे कुठं कलले आहेत ते तिनं बघितलं, गेरूचा थर नखानं खरवडला. मित्रांनो, एवढ्या जन्मात मला असं पहिल्यांदा कुणी हात लावला. मला भरून आलं. पण दगडाला भरून आलेलं कुणाला दिसतं?

मंगलनं तिला कोरा चहा दिला. तिथं ओसरीवर बसून राजनंदिनीनं तिला समजेल असं सांगितलं, "काकू, दगड चांगला आहे हो. भीती आत कोंडलेल्या पाण्याची आहे. ते पाणी दगडाला बाहेर ढकलतं आणि खालची माती भिजवतं. देवळाच्या मागच्या चार फरश्या काढून भिंतीला भोकं पाडली, तर पाणी निघून जाईल. आणि एक ध्यानात ठेवा. पाणी तांबडं यायला लागलं, की खालचा गेरू वाहायला लागला असं समजा. मग भांडी-कुंडी बघायची नाहीत. त्याच पावली निघायचं."

मंगलला पटलं. तिनं आनंदरावांना विचारलं. म्हातारा काही हेकट माणूस नव्हता, त्यानं राजनंदिनीला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पण फरशीचं नाव काढताच त्यानं हात जोडले.

"ताई, प्रतिष्ठापना झालीया. बसलेल्या देवीमागं छिन्नी वाजवायची न्हाई, ही आमची रीत हाय. आधी बोलला असता तर एक वेळ जमलं असतं."

आधी! आधी कोण आलं होतं विचारायला? राजनंदिनी गेली. तिनं वर सरकारात कळवलं म्हणे, पण त्याचं पुढं काय झालं ते माझ्यापर्यंत आलं नाही. मंगल मात्र रोज मागे लागायची. "मामंजी, एकच फरशी. म्या रातच्याला काढते, कुणाला सांगत न्हाई." आनंदराव तोंड फिरवायचे. एकदा तर जेवणावरून उठले. तेव्हापासून तिनं विषय काढणं सोडलं, पण जाता-येता ती माझ्याकडे मान वर करून बघायची. मला तिची नजर सोसायची नाही.

गेल्या वर्षी आषाढात पावसानं ताळतंत्र सोडलं. सरकारी गाडी आली आणि सगळी वाडी खालच्या गावातल्या शाळेत नेऊन ठेवली. मी म्हटलं, सुटलो बाबा! आता पडलो तर पडलो, खाली कुणी नाही. पण पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि शाळेत कुरबूर सुरू झाली. उगंच घाबरवलं, कातळ तर जागचा हलला न्हाई, गुरांचे हाल झाले. अहो, बाहेरचा पाऊस उघडला म्हणजे माझ्या आतला उघडला का? वरचं पाणी सांध्यांतून तळाला यायला वेळ लागतो. तेव्हाच मी सगळ्यात जड झालो होतो. उन्हात चमकत होतो आणि आतून फुटत होतो.

मंगळवार होता, देवीचा वार. आनंदराव शाळेतून एकटेच पूजेला वर आले. दार उघडलं, आणि त्यांच्या हातातली घंटा खाली पडली. हनुमंतानं बसवलेल्या पांढऱ्या फरश्यांच्या फटींतून लाल पाणी येत होतं आणि पाणजाईच्या डोक्यावरून ओघळत होतं.

म्हातारा रडायला लागला. आनंदानं. त्यानं मोबाईल काढला आणि शाळेत फोन लावला. "आरं या रं समदी! आईनं मळवट भरलाय! आपून तिला कोरडी ठिवली व्हती, पर तिनं आपलं आपून कुंकवानं अंग धुतलं!"

आणि सगळी वाडी वर आली, मित्रांनो. हळद-कुंकू घेऊन, नारळ घेऊन, कडेवर लेकरं घेऊन. म्हाताऱ्या सखूबाईला दोघांनी उचलून आणलं. ते लाल पाणी बोटानं कपाळाला लावत होते, बाटलीत भरून घेत होते. ती माझी बैठक होती. माझ्या बुडाखालची माती ते तीर्थ म्हणून घेत होते, आणि मी वरून बघत होतो.

मंगल सगळ्यांच्या मागून आली. तिनं पाणी बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. ती सासऱ्याजवळ गेली.

"मामंजी, ही माती हाय. गेरू हाय. ती पोर बोलली व्हती. चला खाली. समद्यांना घिऊन चला."

"गप बस!" आनंदराव असं तिच्यावर कधीच ओरडले नव्हते. "आईचा मळवट हाय ह्यो. तुला माती दिसती?"

"मंगल, आजच्या दिस तरी देवीला नावं ठिवू नगं बाई," सखूबाई म्हणाली.

तिनं एकीचा दंड धरला, दुसरीचं लेकरू ओढलं. सगळ्यांनी तिला झिडकारलं. आरती सुरू झाली. झांजा वाजायला लागल्या, आणि त्या आवाजाच्या प्रत्येक ठोक्याला माझा एकेक सांधा उकलत होता. मंगल देवळापुढच्या ओट्याच्या कडेला गेली. वर माझ्याकडे बघितलं. एक बारीक खडा सुटून तिच्या पायाशी पडला. तो मी मुद्दाम टाकला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तो आपला आपण सुटला.

मग त्या बाईनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं अंबाडा सोडला. लाल पाण्यात दोन्ही हात बुडवले आणि अख्खं कपाळ माखलं. ओट्याच्या मधोमध उभी राहिली आणि घुमायला लागली. दुसऱ्याच्या अंगात आलं की हसणारी मंगल! केस मोकळे, डोळे फिरवलेले, आणि तो खणखणीत आवाज.

आरती थांबली. वाडी जागच्या जागी खाली बसली.

"बाळांनो!" ती गरजली. "माझ्या दारात का रं गर्दी केली? मला माझी जागा मोकळी पायजे! माणसाची सावली नगं हितं! उठा! खाली शाळंत जावा! मागं वळून बघू नगा!"

तुम्हाला वाटेल, लगेच उठले असतील. छे हो! देवी अंगात आली म्हणजे तिला विचारायचं असतं. हीही रीतच. सखूबाईनं पदर पसरला, "आई, माझ्या नातवाला नोकरी कवा लागंल?"

मंगलच्या जागी मी असतो तर रडलो असतो. ती म्हणाली, "लागंल! खाली गेल्याबिगर लागायची न्हाई! ऊठ म्हातारे!"

हनुमंत पुढं झाला. "आई, आमचं काय चुकलं? देऊळ तर आमी लई मनापासून बांधलं."

तेव्हा मला वाटलं, आता ही खरं सांगेल. पाण्याचं सांगेल. पण तिला माहीत होतं, समजावत बसली तर वाद होईल आणि वादाला वेळ नव्हता. "चुकलं न्हाई रं लेकरा," ती म्हणाली. "आता जा. ज्येचं ज्येचं आई-बाप आन् लेकरू, त्येनं उचलायचं आन् चालू लागायचं."

मग उठले. एकेक करून पाया पडून उतरायला लागले. पाया पडल्याशिवाय कुणी जाईना, आणि ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पुढं ढकलत होती. तिला कधीच पळता आलं असतं. पण ती पहिली पळाली असती, तर हे नाटक आहे हे सगळ्यांना कळलं असतं आणि सगळे परत आरतीला उभे राहिले असते. देवी कधी पळते का? म्हणून तिला शेवटपर्यंत थांबावं लागलं.

सर्वांत शेवटी आनंदराव राहिले. ते उठेनात. "आई, म्या तुझा पुजारी. मला तुझ्या पायाशी मरण दे," असं म्हणाले.

"तुला मरण हितं न्हाई लिवलेलं," मंगल म्हणाली. तिचा आवाज थोडा चिरकला. "माझ्या पायावर डोकं ठिव आन् चालू लाग."

रोज सकाळी जी सून त्यांच्या पाया पडायची, तिच्या पायावर त्या म्हाताऱ्यानं डोकं ठेवलं. तिनं ओठ दाताखाली दाबून धरले. तो उठला आणि काठी टेकत, मागं न बघता उतरू लागला. वळणावरच्या जांभळीपलीकडं तो दिसेनासा झाला, तेव्हा तिनं केस गोळा करून गाठ मारली आणि घाईघाईनं म्हणाली, "सावकास ओ मामंजी, निसरडं हाय." ते त्यांना ऐकू गेलं नाही. मग ती पळाली.

मी स्वतःला धरून ठेवलं होतं, मित्रांनो. पण धरणारा मी कोण? दगडाचं वजन होतं, सांध्यातलं पाणी होतं, खाली साबण होता आणि पायाचा मुरूम पोकलेननं नेलेला होता. त्यात माझ्या मनाला काय किंमत? ती स्वतःच्या अंगणापर्यंत पोचली होती. तिथंच मी तिच्यावर आलो. देऊळ गेलं, घर गेलं. वाडीतलं दुसरं कुणी गेलं नाही.

यंत्रं आली, माणसं आली, काही दिवस मला उकरलं. वरचा उरलेला अर्धा कातळ कधीही येईल म्हणून काम थांबवलं. ती अजून माझ्याखाली आहे.

वाटलं होतं, निदान आता ही माणसं इथून जातील. तिनं त्यासाठीच तर केलं सगळं. पण लोक म्हणायला लागले, पाणजाईनं मंगलच्या तोंडून वाडी वाचवली आणि मंगलला आपल्यात घेतली. जागृत ठिकाण! आता लांबलांबून माणसं येतात. माझ्या ढिगाऱ्यावर नवं देऊळ उठतं आहे, पाया हनुमंतच भरतो आहे. सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या खोल्या सोडून लोक परत आले आणि माझ्या उरलेल्या अर्ध्याखाली घरं बांधू लागले. राजनंदिनी पुन्हा आली होती. वरचा भागही तसाच आहे, तेच सांधे, तोच गेरू, असं तिनं कळवळून सांगितलं. आनंदराव हात जोडून म्हणाले, "ताई, जिथं आईनं एकदा वाचवलं, तिथंच ती पुन्हा वाचवंल." पोर पायवाटेवर बसून रडली आणि गेली.

गोरखनं टेम्पो विकला. तो आता इथंच असतो. लोक त्याला देवीचा मुलगा म्हणतात, त्याच्या पाया पडतात. त्यानं आपल्या जुन्या घराच्या ढिगाऱ्यावरच, माझ्या अगदी पुढ्यात, विटा आणून टाकल्या आहेत. बायको-लेकरांना जत्रेला आणणार आहे.

मित्रांनो, एरवी अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुनी मंडळी म्हणतो, आमची काळजी घ्या, निगा राखा. मला माझी निगा नको. माझं जे व्हायचं ते ठरलेलं आहे, त्यावर इलाज करायची वेळ निघून गेली. एकच मागणं आहे. माझं त्यांना ऐकू येत नाही, तुम्हाला येतं आहे. कुणी वेल्ह्याकडे आलात तर गोरखला गाठा आणि सांगा, तुझ्या आईच्या अंगात कुणी आलं नव्हतं. ती माझ्याच पायथ्याच्या दगडावर उभी होती, तिच्या तळव्यांतून मला कळत होतं. तिचे पाय लटलटा कापत होते. ती भ्यालेली होती रे, आणि तुम्ही इथून जावं म्हणून उभी होती.

आता वैशाख सरत आला आहे. जमलं तर लवकर जा.